परीक्षेची आदली रात्र

शाळेच्या स्मरणिकेत संस्थापकांचे ऋण, माजी विद्यार्थ्यांची वाटचाल आणि निकालाची परंपरा यांना मानाचे पान मिळावे, हे योग्यच आहे. आम्ही मात्र वाचकांचे लक्ष अशा एका विषयाकडे वेधू इच्छितो, जो वरकरणी घरगुती आणि किरकोळ वाटेल. दहावी-बारावीच्या परीक्षेच्या आदल्या रात्री मुलाने पुरेसे झोपावे की जागावे, हा तो विषय. इतिहासाच्या शिक्षकाने झोपेवर का लिहावे, असे कोणी विचारील. कारण असे की, आपल्या समाजात या प्रश्नाचे उत्तर आरोग्यशास्त्रातून दिले जात नाही. ते इतिहासातून दिले जाते. आणि तो इतिहास बहुधा अर्धाच सांगितला जातो.

एप्रिल महिन्यात बाबासाहेबांच्या जयंतीनिमित्त ठिकठिकाणच्या महाविद्यालयांत, वसतिगृहांत आणि अभ्यासिकांत सलग अठरा तास अभ्यासाचे उपक्रम होतात. महापुरुषाला हारतुऱ्यांऐवजी पुस्तक उघडून अभिवादन करावे, ही कल्पना ज्या समाजाला सुचली त्याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु कोवळ्या मनावर या अठरा तासांचा एक वेगळाच ठसा उमटतो. त्याला अभ्यासाचे अठरा तास दिसत नाहीत, दिसते ते जागरण. मग मार्च महिन्यात पेपरच्या आदल्या रात्री वसतिगृहाच्या व्हरांड्यात दृश्य दिसते ते असे : डोळ्यांवर पाणी मारून, कोरा चहा पिऊन, गाइड हातात धरून मुले येरझारा घालीत आहेत. दोन वाजता जो झोपतो त्याला तीनपर्यंत जागणारा हिणवतो. घरी राहून परीक्षा देणाऱ्यांची स्थिती याहून निराळी नाही. आई मोठ्या प्रेमाने सांगते, ‘बाळा, आजची एक रात्र झोपू नकोस, बाबासाहेब कसे जागले ते आठव.’ ज्या घरात दहावीचे प्रवेशपत्र पहिल्यांदाच आलेले आहे, त्या घराची ही तळमळ आम्ही जाणतो. एका परीक्षेवर साऱ्या घराची आशा टांगलेली असते, म्हणून तर या वारशाची नीट तपासणी व्हावयास हवी.

अठरा तासांची जी ख्याती आहे, ती प्रामुख्याने बाबासाहेबांच्या परदेशातील विद्यार्थिदशेशी जोडलेली आहे. १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ मध्ये लंडनला पोहोचले आणि शिष्यवृत्तीची मुदत सरल्यामुळे १९१७ मध्ये अभ्यासक्रम अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. म्हणजे त्यांच्या डोक्यावर मुदतीची टांगती तलवार होती; ती मुदत दुसऱ्याने ठरविलेली होती, आणि तिच्या आत मिळेल तेवढे ज्ञान पदरात पाडून घ्यावयाचे होते. ते त्या वेळी विशी ओलांडलेले, संसारी गृहस्थ होते, पंधरा वर्षांचे मूल नव्हते. शिवाय तो नेम वर्षानुवर्षे चाललेला होता. जो रोज इतके वाचतो त्याला परीक्षेच्या आदल्या रात्री धावपळ करण्याचे कारणच उरत नाही. वर्षभर दोन तास आणि शेवटच्या रात्री अठरा तास, हे त्या आदर्शाचे अनुकरण नव्हे, विडंबन होय.

याहूनही बोलका पुरावा बाबासाहेबांच्या बालपणात आहे. परळच्या कामगारवस्तीतील चाळीत सारे कुटुंब एकाच खोलीत राहत असे. स्वयंपाक तेथेच, माणसांची ये-जा तेथेच, सामानसुमान तेथेच. संध्याकाळी त्या गलबल्यात वाचणे अशक्य. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रात सुभेदार रामजींनी यावर काढलेला उपाय नोंदविलेला आहे. ते भीमाला रात्री लवकर झोपवीत, स्वतः दोन वाजेपर्यंत जागत, मग मुलाला उठवून अभ्यासाला बसवीत आणि त्याने रिकाम्या केलेल्या जागेवर आपण आडवे होत. चाळ निजलेली असताना मिणमिणत्या दिव्यापुढे पहाटेपर्यंत वाचन चाले. एल्फिन्स्टन हायस्कुलातून १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, त्यामागे ही व्यवस्था होती.

हा प्रसंग व्याख्यानांतून सांगताना वक्ते बहुधा ‘दोन वाजता उठत’ एवढ्यावर थांबतात. आम्हांस त्याआधीचे वाक्य अधिक मोलाचे वाटते. रामजींनी मुलाची झोप रद्द केली नाही. ती त्यांनी दिवेलागणीकडे सरकवली. जागरण बापाने केले. शाळेची पायरी मोठ्या कष्टाने गाठलेल्या त्या घरातील एका निवृत्त सैनिकाला हे कळले होते की, मुलाचा अभ्यास ही जशी जपायची गोष्ट आहे, तशीच त्याची झोपही. ज्या खोलीत दोन माणसांना एकाच वेळी आडवे होण्यापुरती निवांत जागा नाही, तेथेसुद्धा त्यांनी मुलाच्या वाट्याची झोप राखली.

रामजींना अनुभवाने जे उमगले, ते प्रयोगशाळेने पुढे मोजून दाखविले. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डालेनबाख या संशोधकांनी १९२४ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. दोन विद्यार्थ्यांकडून त्यांनी निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या पाठ करून घेतल्या. कधी पाठांतरानंतर त्यांना झोपू दिले, तर कधी तेवढाच वेळ जागे ठेवले, आणि नंतर काय आठवते ते विचारले. आठ तासांच्या झोपेनंतर निम्म्याच्या आसपास अक्षरे शिल्लक होती. आठ तासांच्या जागेपणानंतर जेमतेम दहावा हिस्सा उरला होता. केवळ दोन विद्यार्थ्यांवरचा हा प्रयोग. परंतु पुढील शंभर वर्षांत अनेकांनी याच दिशेने शोध घेतला, आणि आज जे चित्र उभे आहे ते असे. दिवसभरात वाचलेले मेंदूच्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाच्या आधाराने तात्पुरते साठविले जाते. गाढ झोपेत त्याची उजळणी होते आणि ते मेंदूच्या बाह्य आवरणात हळूहळू पक्के बसू लागते. झोपेची आवर्तने साधारण दीड-दीड तासाची असतात. गाढ झोप रात्रीच्या पूर्वार्धात अधिक, तर स्वप्नांची झोप उत्तररात्री अधिक. रात्र अर्ध्यावर तोडली की या कामाचा एक हिस्सा होतच नाही. विद्यार्थी समजतो की रात्री दोन ते पाच या वेळात आपण तीन धडे मिळविले. वास्तविक संध्याकाळी वाचलेल्या धड्यांची घडी बसण्याची वेळ त्याने त्या तिघांसाठी खर्ची घातलेली असते.

इतिहासाच्या उत्तरपत्रिकांतून हे आम्हांस वर्षानुवर्षे दिसत आले आहे. दहावीच्या पुस्तकात इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य परंपरेचा पाठ आहे. त्यात व्हॉल्टेअर, रांके, मार्क्स, फुको अशी नावांची रांगच आहे. जागरण केलेल्या मुलाला ही सारी नावे आठवतात, सर्व संकल्पनाही आठवतात. कोणती कोणाची एवढेच आठवत नाही. ‘ज्ञानाचे पुरातत्त्व’ फुको यांच्याकडून निघून रांके यांच्या पदरी पडते. त्याला अभ्यास नव्हता असे म्हणता येत नाही. माल सगळा घरात आहे, फक्त कोणत्या फडताळात काय ठेवले ते सापडत नाही. इतिहास व राज्यशास्त्राच्या चाळीस गुणांच्या, दोन तासांच्या पेपरात शोधाशोध करण्यास सवड कोठून मिळणार?

आता थोडे पंचशीलाविषयी. आपल्या वसतिगृहात दररोज सायंकाळी त्रिशरण-पंचशील म्हटले जाते. पाचवे शील मद्यादी मादक पदार्थांपासून अलिप्त राहण्याचे आहे, आणि त्यामागचे कारणही शीलातच सांगितलेले आहे : ते पदार्थ प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला, कारण होतात. ऑस्ट्रेलियातील विल्यमसन आणि फेयर यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, सतरा ते एकोणीस तास सलग जागे राहिलेल्या माणसाची काही चाचण्यांतील कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी किंवा त्याहून वाईट असते. सकाळी सहाला उठलेला मुलगा रात्री एकला या अवस्थेत पोहोचतो. आपला मुलगा दारूला शिवत नाही म्हणून समाधान मानणाऱ्या पालकांनी तो बेसावधपणाच्या त्याच उंबरठ्यावर बसून भूमितीची प्रमेये पाठ करीत आहे काय, हेही पाहावे. प्रमाद कोणत्या दाराने घरात आला याला महत्त्व नाही.

धम्माच्या इतिहासात परीक्षेच्या आदल्या रात्रीची एक कथा आहे, आणि ती विद्यार्थ्यांना सांगण्यासारखी आहे. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृह येथे महाकस्सपांच्या नेतृत्वाखाली पहिली संगीती भरावयाची होती. पाचशे भिक्खूंच्या त्या सभेत धम्माविषयी आनंदांनी सांगावयाचे होते, कारण पंचवीस वर्षे ते तथागतांचे निकट सेवक होते आणि त्यांची स्मरणशक्ती संघात अद्वितीय मानली जाई. मात्र सभेत बसणारे इतर सर्व अर्हत होते, एकटे आनंद नव्हते. सभा उद्यावर आली. आनंदांनी जवळजवळ सारी रात्र साधनेत घालविली. अर्हतपद काही मिळेना. अट्ठकथेत म्हटले आहे की, आपला प्रयत्न प्रमाणाबाहेर ताणला गेला आहे हे त्यांच्या ध्यानी आले. पहाटेच्या सुमारास त्यांनी थोडे आडवे व्हावे असे ठरविले. पाय जमिनीवरून उचललेले आणि डोके अजून उशीला टेकलेले नाही, त्या क्षणी त्यांचे चित्त मुक्त झाले. रात्रभराचा ताण सुटला तेव्हा ते घडले. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. आनंदांनी त्या रात्री सुत्ते पाठ केली नव्हती. ती पंचवीस वर्षांत पाठ झालेली होती.

झोपेचे असे गुणगान केल्यावर एक सावधगिरीचा शब्दही लिहिणे प्राप्त आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत रसायनशास्त्राच्या वर्गातील विद्यार्थ्यांच्या मनगटांवर झोप मोजणारी उपकरणे बांधून एक सत्रभर नोंदी घेण्यात आल्या. तो अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात नियमित आणि पुरेशी झोप घेणाऱ्यांना गुण अधिक मिळाल्याचे दिसले. परंतु केवळ परीक्षेच्या आदल्या एका रात्रीच्या झोपेचा गुणांशी संबंध आढळला नाही. ज्या आठवड्यांत धडा शिकविला गेला, त्या आठवड्यांतील झोप कामी आली. याचा अर्थ आदल्या रात्री खुशाल जागावे, असा नव्हे. महिनाभर बारा-एकपर्यंत जागून शेवटच्या रात्री ‘आज नऊला झोप’ असे फर्मान काढले, तर मूल फक्त छताकडे पाहत पडून राहील, एवढाच याचा अर्थ. पौगंडावस्थेत शरीराचे घड्याळच थोडे उशिराकडे सरकलेले असते. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी असे निद्रातज्ज्ञ सांगतात. ती एका रात्रीत उभी करता येत नाही. निदान परीक्षेच्या तीन आठवडे आधीपासून रात्री दहाची वेळ ठरवावी लागते.

पेपर सकाळी अकराला असतो. दहाला निजून सहाला उठलेल्या मुलाचे आठ तास भरतात, आणि उजळणीसाठी सकाळचे दोन-अडीच तास मोकळे मिळतात. या वेळात नवा धडा उघडू नये, टिपणे चाळावीत. प्रवेशपत्र, दोन पेन, कंपासपेटी आणि पाण्याची बाटली संध्याकाळीच पिशवीत ठेवावी, कारण रात्री अकराला प्रवेशपत्र शोधण्याने जी झोप उडते ती सहजी परत येत नाही. चार-पाचच्या पुढे चहा-कॉफी नको. त्यातील कॅफिन पाच तासांनंतरही निम्मे शरीरात असते. मोबाइल मोठ्या माणसांच्या ताब्यात द्यावा. आणि मोठ्यांनी तो स्वतः पाहत बसू नये, कारण एका खोलीच्या घरात एकाचा पडदा साऱ्यांच्या डोळ्यांवर उजेड पाडतो.

हे सारे मुलाने एकट्याने करावयाचे नाही, हाच आमच्या म्हणण्याचा गाभा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवावा, असा २००० सालापासून देशाचा नियम आहे. परीक्षेच्या दिवसांत वस्तीत हळदीचा डीजे बाराला थांबतो, आणि कधी आपल्याच मंडळाच्या कार्यक्रमाचा कर्णा विहाराच्या छपरावर अकरापर्यंत वाजत राहतो. दुसऱ्यांच्या कर्ण्याविरुद्ध तक्रार करण्याआधी आपला उतरवावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये विहाराचा हॉल संध्याकाळी अभ्यासिका म्हणून आणि ज्याच्या घरी पाहुणे उतरले आहेत त्याला निजण्यासाठी जागा म्हणून खुला ठेवता येईल. उपासकांपैकी एकाने तेथे थांबावे. सुभेदारांनी एका मुलासाठी रोज जे केले, ते पन्नास मुलांसाठी पाळीपाळीने करणे एवढ्या मोठ्या समाजाला अवघड नाही. वसतिगृहाच्या अधीक्षकांनीही दहाला दिवे मालवून आपल्या खोलीकडे न वळता व्हरांड्यात खुर्ची टाकून बसावे. अंधारात कुजबुज चालली असेल तर ती थांबते, आणि ज्याला भीतीने झोप लागत नाही त्याला कोणीतरी जागे आहे हे दिसते.

अशा न झोपणाऱ्या मुलाला रागावू नये. ‘झोप, नाहीतर उद्या पेपर बुडेल’ हे वाक्य तर मुळीच उच्चारू नये. त्याने उरलीसुरली झोपही पळते. त्याला खरे तेच सांगावे की, एका रात्रीच्या अपुऱ्या झोपेने वर्षाचा अभ्यास वाहून जात नाही. डोळे मिटून, श्वासाकडे लक्ष देऊन स्वस्थ पडून राहा. पुस्तक मात्र उघडू नकोस. आनापानाचा सराव शाळेत होतो, तो अशाच रात्रीसाठी कामी येतो. घड्याळ त्याच्या उशाशी असल्यास ते उचलून बाहेर न्यावे, आणि सहाला आम्ही उठवू, असे त्याला सांगून ठेवावे.