विटांचा यंत्रमानव : जुने शैक्षणिक संच पुन्हा चालू कसे करावेत

महोत्सवी स्मरणिकेत देणगीदारांची नावे छापण्याची प्रथा आहे आणि ती योग्यच आहे. परंतु देणगीत आलेल्या वस्तूंचे पुढे काय झाले, हे सहसा कोणी लिहीत नाही. पुस्तके वाचली जातात, शिवणयंत्रे चालतात, चष्मे डोळ्यांवर चढतात. एक वस्तू मात्र मोठ्या कौतुकाने येते, एकदा पेटीतून बाहेर काढली जाते, 'चालत नाही' असे ठरते आणि कपाटात जाऊन बसते. ती म्हणजे प्लॅस्टिकच्या विटांचे यंत्रमानव-संच. परदेशी गेलेल्या आपल्या मंडळींची मुले मोठी झाली की हे संच त्यांच्या घरात अडगळीचे होतात, आणि मग ते गावाकडच्या एखाद्या संस्थेकडे येतात. मंचेरियललाही असे संच आले आहेत. ते भंगारवाल्याच्या तराजूत जाण्यापूर्वी शिक्षकाने काय तपासावे, काय करावे आणि कोठे थांबावे, एवढाच या पाठाचा विषय आहे.

प्रथम या वस्तूचे कूळ सांगितले पाहिजे. डेन्मार्कमधील बिलुंड गावी ओले कर्क ख्रिस्तियनसेन नावाच्या सुताराने १९३२ मध्ये लाकडी खेळणी करण्यास आरंभ केला. 'छान खेळ' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांवरून त्याने पुढे आपल्या कारखान्याचे नाव लेगो असे ठेवले. आज जी वीट आपण पाहतो तिच्या रचनेचे पेटंट १९५८ मधील आहे. वरच्या गुंड्या खालच्या नळ्या आणि कडा यांच्यामध्ये घट्ट बसतात ही त्यातील खुबी. १९५८ ची वीट आजच्या विटेवर तितकीच घट्ट बसते, असे कंपनी अभिमानाने सांगते.

दुसरे नाव सेमूर पॅपर्ट यांचे. हे गणिती मूळचे दक्षिण आफ्रिकेचे. जिनिव्हा येथे बालमानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांच्यासमवेत काम करून ते पुढे अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत गेले. १९६७ मध्ये तयार झालेल्या 'लोगो' या मुलांसाठीच्या संगणकभाषेच्या निर्मात्यांपैकी ते एक. मूल काहीतरी घडवताना शिकते, आणि घडवलेली वस्तू सांगितल्याप्रमाणे का वागत नाही याचा शोध घेताना अधिक शिकते, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन. १९८० साली त्यांचे 'माइंडस्टॉर्म्स' हे पुस्तक निघाले. १९८५ च्या सुमारास लेगो आणि एम. आय. टी. यांचे सहकार्य सुरू झाले, आणि १९९८ मध्ये त्याच पुस्तकाचे नाव धारण करून पहिला यंत्रमानव-संच बाजारात आला. त्यातील संगणक-विटेचे नाव आर. सी. एक्स.

हा विचार आपल्याकडे परका मुळीच नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापन केला, तो हातांनी काम करीत शिकण्याच्या तत्त्वावरच. एम. आय. टी. ने आपल्या आवाराबाहेर ज्या 'फॅब लॅब' नावाच्या कार्यशाळा उभारण्यास साहाय्य केले, त्यांतील अगदी आरंभीची एक २००२ मध्ये याच पाबळला झाली. पुण्याच्या आयुका संस्थेत अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबपासून केलेली खेळणी तर आपल्यापैकी अनेकांनी पाहिलीच असतील.

आता मूळ मुद्दा. १९५८ ची वीट आजही बसते, पण १९९८ ची संगणक-वीट आजच्या संगणकाशी बोलत नाही. का? वीट झिजली म्हणून नव्हे. माझ्या पाहण्यात असे आले आहे की या संचांचा मेंदू फार क्वचित बिघडतो. बिघडतात ते सांधे. सेल आणि पत्री यांचा सांधा, तार आणि मोटार यांचा सांधा, वीट आणि संगणक यांचा सांधा. आणि सांधे दुरुस्त करणे हे शाळामास्तराच्या आवाक्यातील काम आहे.

आर. सी. एक्स. ही पिवळी वीट मुठीत जेमतेम मावेल एवढी असते. तिला ज्ञानेंद्रियांसाठी १, २, ३ अशी तीन स्थाने आणि मोटारींसाठी ए, बी, सी अशी तीन स्थाने. आत हिताची कंपनीचा एक लहानसा प्रक्रियक आणि ३२ किलोबाइट स्मृती. आजच्या साध्या मोबाइल फोनमधील एक छायाचित्रदेखील तीत मावणार नाही. पोटात सहा पेन्सिल सेल. पहिले ऑपरेशन येथेच करावयाचे असते.

पेटी वर्षानुवर्षे सेलसकट पडून राहिली, तर सेल पाझरतात आणि पत्र्यांवर पांढरी किंवा हिरवट खपली धरते. ती पाहून पुष्कळ जण वीट टाकून देतात. आमच्या वर्गातील एका गॅरेजवाल्या मिस्त्रींच्या मुलाने मात्र ती पाहताच सांगितले की हे तर मोटारसायकलच्या बॅटरीवर येते तसेच आहे. निरीक्षण चांगले, पण रसायन नेमके उलटे! मोटारसायकलच्या बॅटरीत आम्ल असते. अल्कलाइन सेलमधून पाझरते ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे तीव्र अल्क. हवेतील कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन त्याची पांढरी खपली होते आणि तीही अल्कधर्मीच असते. जुन्या पद्धतीचे साधे जस्त-कार्बन सेल असतील तर स्राव आम्लधर्मी असतो. तेव्हा अंदाजाने काही ओतू नये. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद ओला करून खपलीला लावावा. तांबडा झाला तर अल्क आहे असे समजावे आणि कापसाच्या काडीने व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावावा. पिवळाच राहिला तर खाण्याच्या सोड्याचे पाणी वापरावे. बुडबुडे थांबले की स्वच्छ पाण्याच्या ओल्या काडीने पुसावे, मग मोबाइल दुरुस्त करणारे वापरतात ते स्पिरिट फिरवावे आणि वीट एक दिवस सावलीत वाळू द्यावी. शेवटी पत्र्या बारीक पॉलिश कागदाने चमकेपर्यंत घासाव्यात. हातांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधाव्यात. खपलीची भुकटी डोळ्यांत जाता कामा नये. आठवीच्या पुस्तकातील आम्ल आणि अल्क यांचा धडा मी गेली दोन वर्षे या खपलीवरच शिकवतो. त्या दिवशी वर्गात कोणी पेंगत नाही.

विटा व चाके धुवावयाची असल्यास पाणी ४० अंशांहून गरम नसावे असे कंपनी सांगते. उन्हाळ्यात आमच्या गच्चीवरील टाकीचे पाणीच त्याहून गरम असते, म्हणून हे काम पहाटे करावे.

तारांची गोष्ट अधिक दुःखाची. त्या काळच्या काही तारांवरील रबरी वेष्टण काळाने ठिसूळ होऊन हाताला लागताच गळून पडते. उघड्या तारा एकमेकींना टेकल्या की मोटार चालत नाही आणि दोष विनाकारण विटेवर येतो. तारेच्या दोन्ही टोकांना चौकोनी चकत्या असतात. त्या जपून ठेवाव्यात, कारण तार कोठेही मिळते, चकती मिळत नाही. पातळ पात्याने चकती उघडून जुनी तार काढावी आणि साधी मऊ दुहेरी तार सोल्डर करून बसवावी. चकती फिरवून बसवली की मोटार उलटी फिरते. हा दोष नव्हे, गुण आहे. विजेची दिशा मुलांना दाखवण्यास याहून सोपे साधन नाही.

ज्ञानेंद्रिये हरवलेली असली तरी काम अडत नाही. विटेचे १, २, ३ हे प्रत्येक स्थान आतून १० हजार ओहमच्या रोधातून पाच व्होल्टला जोडलेले आहे, आणि बाहेर किती रोध लागला आहे त्यावरून वीट ० ते १०२३ यांमधील एक आकडा वाचते. बाहेर काहीच नसेल तर १०२३. दोन्ही टोके थेट जुळवली तर शून्याजवळ. १० हजार ओहमचा रोध लावला तर निम्म्यावर, म्हणजे ५१२ च्या आसपास. म्हणून डब्याच्या पत्र्याच्या दोन पट्ट्या हा स्पर्शाचा संवेदक झाला, आणि प्रकाश पडल्यावर रोध कमी होणारा काही रुपयांचा एल. डी. आर. हा डोळा झाला. हा आकड्यांचा तक्ता मुलांकडून करून घ्यावा. आमच्या वर्गात तेलुगू, उर्दू आणि मराठी अशा तीन भाषांची मुले आहेत. तक्त्याच्या मथळ्यावरून वाद होतो, आकड्यांवरून होत नाही.

आता तिसरा सांधा, संगणकाचा. येथेच पुष्कळ शिक्षक हात टेकतात. आर. सी. एक्स. ला तार जोडता येत नाही. संगणकाला जोडलेला एक लहान मनोरा अदृश्य अवरक्त किरणांनी तिच्याशी बोलतो, जसा टी. व्ही. चा रिमोट बोलतो. पहिल्या मनोऱ्यांना संगणकाचे जुने नऊ टाचण्यांचे सीरियल तोंड लागे आणि त्यांच्या पोटात नऊ व्होल्टचा वेगळा सेल असे. तो सेल आहे हेच कोणाला ठाऊक नसते! पुढचे मनोरे यू. एस. बी. चे आले. मनोरा जिवंत आहे की नाही हे पाहण्यासाठी मोबाइलचा कॅमेरा त्याच्या काळ्या काचेसमोर धरावा. निरोप जात असताना डोळ्यांना न दिसणारा प्रकाश बहुधा पडद्यावर जांभळट दिसतो.

विटेच्या पडद्यावर ००.०० असे घड्याळ दिसत नसेल, तर तिचा पायाभूत कार्यक्रम, म्हणजे फर्मवेअर, पुसला गेला आहे असे समजावे. तो ज्या स्मृतीत असतो ती विजेविना रिकामी होते. सेल बदलण्यास वीट बंद करून सुमारे एक मिनिटाची सवलत मिळते. जुन्या विटेत तितकाही भरवसा धरू नये. म्हणजे कपाटात पडलेली प्रत्येक आर. सी. एक्स. ही विसरलेलीच असते. तिला पुन्हा सांगावे लागते. सांगण्यास किती वेळ लागेल हे गणित फळ्यावर करून दाखवावे. वेग सेकंदास २४०० बिट. एका बाइटला आठ बिट, अधिक आरंभ, अंत आणि पडताळा यांचा एकेक, मिळून ११. म्हणजे सेकंदास २१८ बाइट. पण प्रत्येक बाइटपाठोपाठ त्याची उलट प्रत जाते, शून्याच्या जागी एक आणि एकाच्या जागी शून्य, म्हणजे प्रकाश आणि अंधार यांचे पारडे समान राहते. तेव्हा हाती उरले १०९. कार्यक्रम सुमारे २५ हजार बाइटचा. भागाकार २२९ सेकंद. जवळजवळ चार मिनिटे! एवढा वेळ वीट आणि मनोरा समोरासमोर, ऊन व ट्यूबलाइट चुकवून, पुठ्ठ्याच्या खोक्याखाली ठेवावेत. मुले घड्याळ लावून बसतात आणि घड्याळाचे शून्य उमटले की जो गलका होतो, तो शेजारच्या वर्गाच्या शिक्षकांना मान्य नसतो.

संचाबरोबरची तबकडी विंडोज ९५ आणि ९८ च्या काळची. यू. एस. बी. मनोऱ्यासाठी ६४ बिटच्या विंडोजला कंपनीने चालक दिला नाही. लिनक्सच्या गाभ्यात मात्र तो आहे. म्हणून कोणी टाकून दिलेला जुना लॅपटॉप घ्यावा, त्यावर लिनक्स घालावे आणि डेव्ह बॉम यांनी लिहिलेली 'एन. क्यू. सी.' ही मोफत आज्ञावली वापरावी. सीरियल मनोऱ्यासाठी यू. एस. बी. ला सीरियल तोंड लावणारी तार बाजारात मिळते. आमच्या मुलांनी या मार्गाने चालू केलेल्या पहिल्या विटेवर कोळशाचा पट्टा केला. सिंगरेणीच्या खाणकामगारांची मुले दुसरे काय करणार? पट्टा भरला की पत्र्याची पट्टी दाबली जाते आणि मोटार थांबते.

पुढच्या पिढीचे संच आले असतील तर काम हलके. २००६ च्या एन. एक्स. टी. विटेचा कार्यक्रम विजेविना टिकतो. ती नुसतीच टिकटिक आवाज करीत असेल तर ती मेलेली नसून नव्या फर्मवेअरची वाट पाहत आहे. पाठीमागच्या छिद्रातील कळ टाचणीने काही सेकंद दाबली तरी ती याच स्थितीत जाते, म्हणून मुलांच्या हाती टाचणी देऊ नये. तिच्या तारांची टोके टेलिफोनच्या तारेसारखी, पण कडी एका बाजूला सरकवलेली. साधे टोक बसत नाही. २०१३ च्या ई. व्ही. ३ विटेत लहान स्मृतीपत्र घालण्याची खाच आहे. पत्रावर नवी मोफत प्रणाली घालून वीट सुरू करता येते आणि आतील मूळ प्रणालीस धक्काही लागत नाही. लेगोने माइंडस्टॉर्म्स ही मालिका २०२२ अखेर बंद केली. त्यामुळे या विटा पुढील काळात देणगीत अधिकच येतील.

थांबावे कोठे? फुगलेली लिथियम बॅटरी दिसली की तेथेच. ती टोचू नये, दाबू नये, चार्ज करू नये. स्रावाने आतील पाटीवरील तांब्याच्या रेषा खाऊन टाकल्या असतील तर मेंदूचा नाद सोडावा. मोटारी, दंतचक्रे आणि विटा ठेवाव्यात. सहा सेलच्या डब्यावर त्या मोटारी उत्तम चालतात आणि दंतचक्रांचे गुणोत्तर शिकवण्यास संगणक लागत नाही.

एका गोष्टीविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. २०१६ मध्ये केंद्र सरकारची अटल टिंकरिंग लॅब योजना सुरू झाली आणि निवडलेल्या शाळांसाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद झाली. योजना चांगली. परंतु एके ठिकाणी नवे कोरे संच 'मुले मोडतील' म्हणून कुलपात ठेवलेले मी पाहिले आहेत. जुन्या संचाला ही भीती नसते. तो मोडलेलाच येतो.

ट्रस्टच्या कार्यालयास एक विनंती. संच देऊ इच्छिणाऱ्यांना उत्तर लिहिताना तीन गोष्टी विचाराव्यात : मनोरा बरोबर आहे काय, चौकोनी चकत्यांच्या तारा किती आहेत, आणि सेलच्या खणाचे छायाचित्र पाठवाल काय. मनोरा नसेल तर आर. सी. एक्स. चा मेंदू चालू करणे जवळपास अशक्य, तेव्हा तो घरातील जुन्या तारांच्या डब्यात शोधण्यास सांगावे. आणि पेटी पाठवण्यापूर्वी सेल काढून टाकावेत, हे अवश्य कळवावे.