हलक्या गाडीला केवढा ब्रेक?

थिअरी ऑफ मशीन्सच्या पेपरात ब्रेकवर एक प्रश्न ठरलेला असतो. आपण ड्रमची आकृती काढतो, शूवर बाण दाखवतो, उत्तराखाली दोन रेघा मारतो आणि मेसमध्ये जेवायला पळतो. मीही तेच करत होते. मग माझ्या आतेभावाचा ई-मेल आला.

दादा कोव्हेंट्रीला नोकरी करतो. तिथे त्याने 1978 सालची मिनी घेतली आहे. हल्लीची गुबगुबीत मिनी नव्हे हं. ॲलेक इसिगोनिसने डिझाइन केलेली आणि 1959 साली बाजारात आलेली ती खरी, दहा इंची चाकांची मिनी. दादाने मागची सीट काढली, फायबरचं बॉनेट लावलं, इंजिनची ताकद वाढवली. आता त्याला चारही चाकांना डिस्क हव्या होत्या, पुढे चार पिस्टनचे कॅलिपर आणि वर सर्वो. त्याने लिहिलं, "तू मेकॅनिकलला आहेस ना, मग सांग, हा सेट घेऊ का?" कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा वाकडंतिकडं आहे, पण आकडे सरळ आहेत. त्याला जे कळवलं तेच इथे देते.

आधी एक गैरसमज. मोठा ब्रेक म्हणजे गाडी लवकर थांबते, असं सगळ्यांना वाटतं. गाडीला थांबवतो तो टायर आणि रस्ता. ब्रेक फक्त चाकाला धरतो. थांबण्याचं अंतर काढा: वेगाचा वर्ग भागिले 2μg. यात वस्तुमान उडून जातं! ताशी 100 किमी वेग आणि μ 0.8 धरला तर साधारण 49 मीटर येतात, गाडी 700 किलोची असो की 1400 ची. चाक लॉक करण्याइतकी ताकद ब्रेकमध्ये आधीच असेल, तर त्याहून मोठा ब्रेक लावून त्या एका थांब्यात एक फूटही वाचत नाही.

मग ब्रेक बदलायचेच कशाला? उष्णतेसाठी. 1984 पर्यंत साध्या मिनीला पुढेही ड्रमच होते. ड्रम तापला की फुगतो आणि शूपासून दूर जातो, त्यामुळे पेडल खाली खाली जायला लागतं. शिवाय ड्रममधला लीडिंग शू स्वतःच स्वतःला दाबून घेतो. थंड असताना हे फार छान, पण तापून घर्षण थोडं कमी झालं की पकड एकदम ढासळते. 1964 पासून मिनीच्या पुढच्या ड्रममध्ये दोन्ही शू लीडिंग होते. (गाडी मागे जाताना हेच दोन्ही ट्रेलिंग होतात. चढावर घरंगळून बघा, म्हणजे व्हायवाला विसरणार नाही.) डिस्क तापून फुगली तरी पॅडच्या दिशेनेच फुगते आणि वाऱ्यावर उघडी असते. म्हणून पुढे डिस्क हव्यात, इथे दादाचं बरोबर होतं.

पण केवढ्या? चालकासकट गाडी 700 किलो धरली, तर ताशी 100 वरून थांबताना सुमारे 270 किलोज्यूल उष्णता तयार होते. त्यातला 80 टक्के वाटा पुढे आणि दोन डिस्क मिळून 6 किलो धरल्या, तर एका थांब्यात डिस्क 80 अंशांच्या आसपास तापतात. फार नाही. घाटात किंवा रेसमध्ये हे पुन्हा पुन्हा होईल तेव्हा खरी परीक्षा. उलट रेसिंगचे कडक पॅड चालायला आधी तापावे लागतात, आणि रोजच्या वापरात एवढी हलकी गाडी त्यांना तापूच देत नाही. म्हणजे पहिल्याच सिग्नलला ते कमी धरणार.

आता मुख्य भानगड, मागची चाकं. ब्रेक दाबला की वजन पुढे झुकतं. मिनीचा व्हीलबेस सुमारे 2.03 मीटर आहे. गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंच आणि उभ्या गाडीचं 62 टक्के वजन पुढे धरलं, तर 0.8g ला पुढच्या चाकांवर 82 टक्के येतं, मागे उरतात 18. दादाने मागची सीट काढून तो वाटा आणखी कमी केलेला! मागच्या डिस्कमुळे समजा 30 टक्के ब्रेकिंग मागे गेलं, तर माझ्या गणिताने 0.6g लाच मागची चाकं लॉक होतात. पुढची लॉक झाली तर गाडी वळत नाही, पण निदान सरळ जाते. मागची लॉक झाली तर गाडी गरकन फिरते. या गाडीला एबीएस नाही, आणि इंग्लंडात रस्ता बऱ्याचदा ओलाच असतो. हे लिहिताना माझा हात जरा थांबला. शेजारच्या सीटवर वहिनी बसते.

म्हणूनच मूळ कंपनीने मागच्या ब्रेकचा दाब मर्यादित ठेवणारा व्हॉल्व्ह दिला होता. 1961 च्या कूपरला पुढे 7 इंची डिस्क होत्या, 1963 च्या कूपर एसला 7.5 इंची आणि जोडीला सर्वो. पॅडी हॉपकर्कने 1964 ची माँटे कार्लो रॅली जिंकली ती कूपर एसमध्येच, मागे ड्रम असताना! 2000 साली उत्पादन थांबेपर्यंत मिनीचे मागचे ब्रेक ड्रमच राहिले.

चाकाचाही प्रश्न आहेच. 1984 च्या 8.4 इंची डिस्क दहा इंची चाकात मावत नाहीत, बारा इंची चाकं घ्यावी लागतात. दादाला दहा इंचीच ठेवायची होती, मग 7.5 इंची घेणं आलं. मास्टर सिलिंडर कॅलिपरला जुळणारा हवा. पिस्टन मोठे आणि मास्टर तोच ठेवला, तर पेडल लांबच लांब जातं. डिस्क स्वतःला दाबून घेत नाही म्हणून पाय जड लागतो, तेव्हा सर्वो घ्यायला हरकत नाही, पण आधी त्याच्याशिवाय चालवून बघ म्हटलं. आणि फ्लुइड बदल! डॉट 4 चा उत्कलनबिंदू नव्याने किमान 230 अंश असतो, पाणी शोषल्यावर 155 वर येऊ शकतो. सगळ्यात स्वस्त काम, आणि सगळे तेच विसरतात.

दादा आधी रुसला. त्या चकचकीत कॅलिपरचा फोटो त्याने डेस्कटॉपवर लावला होता म्हणे. पण शेवटी पुढे 7.5 इंची डिस्क, साधे पॅड, मागे जुनेच ड्रम आणि व्हॉल्व्ह नवा, असं ठरलं. विमा कंपनीलाही बदल कळवला. मग एका मित्राच्या मोकळ्या आवारात पाणी मारून ताशी 50 वरून त्याने जोरात ब्रेक दाबला. पुढची चाकं आधी लॉक झाली आणि गाडी सरळ गेली. उरलेल्या पैशांत त्याने चार नवे टायर घेतले. मागची सीट मात्र अजून गॅरेजमध्येच पडून आहे.