मास्करेड मारण्याआधी

चि. ओंकार यास,


फोनवर सांगितलेलं तू दुसऱ्या दिवशी विसरतोस, म्हणून लिहूनच पाठवते. पतसंस्थेचं हेड ऑफिस आणि शाखा यांच्यात वायरगार्डचा टनेल उभा राहिला, हे छान झालं. आता शाखेतल्या पीसीवरून हेड ऑफिसचा नवा राऊटर पिंग होतो, पण सर्व्हर होत नाही, आणि तुझे सीनियर म्हणतात, "मास्करेड मार, चालेल." चालेल, यात शंकाच नाही. तरी मारू नकोस.

आधी पॅकेट कुठे हरवतंय ते बघ. नव्या राऊटरच्या लॅन इंटरफेसवर त्यातलं टॉर्च हे टूल लाव. शाखेच्या 192.168.20.x वरून सर्व्हरकडे जाणारं पॅकेट दिसेल, उत्तर दिसणार नाही. मग सर्व्हरवर बसून शाखेकडे ट्रेसरूट लाव. पहिलाच हॉप हेड ऑफिसच्या जुन्या फायरवॉलचा आला, की दुखणं सापडलं: सर्व्हरचा डीफॉल्ट गेटवे अजून तोच आहे आणि त्याला 192.168.20.0 हे नेटवर्क ठाऊकच नाही. तो उत्तर इंटरनेटच्या दिशेने ढकलून मोकळा होतो. जायची वाट सगळे तपासतात, परतीची कुणी तपासत नाही.

उपाय म्हणजे सर्व्हरवरच एक रूट: 192.168.20.0, मास्क 255.255.255.0, गेटवे नवा राऊटर. कमांडला 'पी' लावायला विसरू नकोस, नाहीतर रीस्टार्ट झाल्यावर रूट उडेल. हाच रूट जुन्या फायरवॉलवर टाकावा असं तुला वाटेल, पण तो फायरवॉल स्टेटफुल आहे. विनंती त्याच्या डोळ्यांआडून आत आलेली आणि उत्तर मात्र त्याच्यामार्फत बाहेर, असं झालं की तो ते कनेक्शन अवैध ठरवून पाडू शकतो. पिंग कदाचित होईलही, पण सॉफ्टवेअर लटकेल, आणि तू दोन दिवस केबली बदलत बसशील.

रूट टाकूनही पिंग गप्प राहिला, तर विंडोजचा फायरवॉल बघ. पुष्कळदा तो पिंगला फक्त आपल्याच सबनेटमध्ये उत्तर देतो. गंमत अशी की मास्करेडने हेही झाकलं जातं, आणि आपण नेमकं काय दुरुस्त केलं ते कधीच कळत नाही.

मास्करेडला माझा विरोध का, ते सांगते. तो नियम लागला की शाखेतलं प्रत्येक मशीन सर्व्हरला नव्या राऊटरच्या 192.168.10.2 या पत्त्यानेच दिसणार. उद्या एखादी एंट्री चुकीची निघाली आणि ऑडिटरने विचारलं, ही कुठल्या काउंटरवरून झाली, तर सर्व्हरचा लॉग राऊटरकडे बोट दाखवेल. पैशाच्या संस्थेत हे परवडत नाही.

मास्करेड हा नॅटचाच एक प्रकार, आणि नॅट मुळात आणलं गेलं ते तात्पुरती सोय म्हणून. आयपी पत्त्याच्या 32 बिटांत सुमारे 429 कोटीच पत्ते मावतात. ते संपणार हे दिसत होतं, म्हणून 1994 च्या आरएफसी 1631 मध्ये ही युक्ती मांडली गेली. 2011 च्या फेब्रुवारीत आयानाने शेवटचे मोठे ब्लॉक वाटून टाकले आणि तात्पुरती सोय कायमची झाली. इंटरनेटच्या उंबऱ्यावर तिला पर्याय नाही. म्हणून मास्करेडचा नियम ठेव, पण आउट-इंटरफेस फक्त वॅन. तो रकाना रिकामा सोडलेले राऊटर मी पुष्कळ पाहिलेत.

सीनियरच्या शब्दाखातर नियम आधीच मारला असशील, तर काढ आणि कनेक्शन्सच्या यादीतल्या जुन्या नोंदीही पुस. नॅटचा नियम कनेक्शनच्या पहिल्याच पॅकेटला बघितला जातो; चालू असलेलं कनेक्शन जुन्याच पत्त्याने चालत राहतं.

डीव्हीआरसाठी पोर्ट फॉरवर्ड मागतायत म्हणालास. वॅनचा पत्ता 100.64 ते 100.127 यांपैकी कशानेही सुरू होत असेल तर विषयच संपला. वर प्रोव्हायडरचंच नॅट आहे, बाहेरून कुणी आत येणार नाही. पब्लिक आयपी असला तरी देऊ नकोस. 2016 सालच्या मिराई या मालवेअरने असेच डीव्हीआर आणि कॅमेरे कारखान्यातल्या पासवर्डनिशी ताब्यात घेतले होते. चेअरमनसाहेबांना मोबाइलवर कॅमेरे बघायचेत ना? त्यांच्या फोनवर वायरगार्ड टाकून दे. कुरकुर करतील, करू देत.

हे सगळं टनेलमधूनच करणार असशील तर आधी राऊटरचा सेफ मोड लाव. कनेक्शन तुटलं तर थोड्या वेळात बदल आपोआप मागे जातात. आणि जुन्या फायरवॉलचा पासवर्ड कुणाकडे आहे ते मॅनेजरांना आजच विचार. तो बसवणारा माणूस नोकरी सोडून गेला असेल, तर शनिवारच्या आत मला कळव.

तुझी,
मावशी