‘निशाचर’ शब्द आणि प्रवाळभित्तीवरील रात्र

भारतीय भाषांच्या साहित्यपरंपरेत ‘निशाचर’ हा शब्द मुख्यतः राक्षस वा पिशाच यांचा वाचक आहे. रात्री हिंडते ते अमंगळ, असा भाव त्याला चिकटलेला आहे. जीवशास्त्रीय मराठीत मात्र तो केवळ कालवाचक ठरतो. उष्ण कटिबंधातील प्रवाळभित्तींवरील मत्स्यजीवन पाहिले म्हणजे या अर्थांतराचे महत्त्व ध्यानात येते.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर प्रवाळ विरळ आहेत. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास ते आढळतात. तेथील सागरी क्षेत्र १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे १०० किलोमीटरवर आंग्रिया बँक हे पाण्याखालील प्रवाळपठार आहे. त्याचे नाव कान्होजी आंग्रे यांच्यावरून पडले. मालवणास प्रवाळ पाहू येणारे प्रवासी दिवसा पाण्यात उतरतात. त्यांच्या दृष्टीस पडते ती भित्तीची दिवसपाळी.

सूर्यास्तानंतर ही पाळी बदलते. पोपटमासे कपारींत शिरतात. त्यांतील काही जाती स्वतःभोवती श्लेष्मल द्रव्याचा कोश विणून झोपतात. मग थोडा वेळ भित्ती जवळजवळ ओस पडते. या संधिप्रकाशात दिनचर आणि निशाचर या दोहोंचीही दृष्टी उणी पडते आणि शिकारी माशांचे फावते. अंधार दाटल्यावर दिवसभर गुहांत दडलेले स्क्विरलफिश, सोल्जरफिश व कार्डिनलफिश बाहेर येतात. रात्री तळातून वर येणारे प्राणिप्लवक आणि कपारींतून निघणारे कवचधारी प्राणी हे त्यांचे भक्ष्य होय.

त्यांची शरीररचना या क्रमाशी सुसंगत आहे. डोळे मोठे असतात, आणि दृष्टिपटलात मंद प्रकाश टिपणाऱ्या दंडाकार पेशींचे प्राबल्य असते. पुष्कळांचा रंग तांबडा असतो. पाणी तांबडा प्रकाश लवकर शोषून घेत असल्यामुळे खोल पाण्यात हा रंग काळपट दिसतो आणि मासा लपून राहतो. कार्डिनलफिशमध्ये नर अंडी तोंडात धरून उबवतो. त्या काळात तो जवळजवळ उपाशीच असतो. भित्तीबाहेर रात्री चरून पहाटे परतणारे मासे आपल्या उत्सर्गातून प्रवाळांना नत्रयुक्त पोषण पुरवितात. म्हणजे रात्रीच्या या वावरावर दिवसाच्या भित्तीचेही पोषण काही अंशी अवलंबून असते.

बाजारात येणाऱ्या तांबोशीला मराठीत नाव आहे, कारण ती विकली जाते. कपारीतील बोटभर मासा विकला जात नाही. त्याच्यासाठी लिखित मराठीला, प्रस्तुत लेखाप्रमाणेच, परभाषेतील नाव घ्यावे लागते. ज्याला नाव नाही आणि जे दिवसा दिसत नाही, ते संरक्षणाच्या विचारातूनही सहज सुटते. किनाऱ्यावरील झगझगीत दिव्यांनी अंधार उणावत असताना ही उणीव अधिकच जाणवते. किनाऱ्यावरच्या बोलींत अशा माशांची काही नावे असतील, तर ती वेळीच टिपून घेणे हे भाषाभ्यासकाचेही काम आहे.