लेखकाचा वाटा : एका लहान प्रकाशनगृहाची रीत

कवितेच्या पहिल्या पुस्तकाला प्रकाशक मिळणे कोणत्याही भाषेत कठीणच असते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात इंग्रजीतून लिहिणाऱ्या भारतीय कवींची स्थिती याहूनही बिकट होती. परदेशी प्रकाशनसंस्थांच्या येथील शाखांची मुख्य भिस्त पाठ्यपुस्तकांवर असे, आणि देशी भाषांतील प्रकाशकांना या लेखनाशी काही कर्तव्य नव्हते. भारतीयाने इंग्रजीत कविता लिहावी काय, हाच मुळी त्या काळी वादाचा विषय होता.

अशा परिस्थितीत १९५८ साली तेव्हाच्या कलकत्त्यात पुरुषोत्तम लाल आणि त्यांचे काही लेखकमित्र यांनी ‘रायटर्स वर्कशॉप’ ही संस्था स्थापन केली. लाल हे सेंट झेवियर्स कॉलेजात इंग्रजीचे अध्यापक होते. लेक गार्डन्स भागातील त्यांचे राहते घर हेच पुढे संस्थेचे कार्यालय झाले. हस्तलिखिते वाचणे, लेखकांना उत्तरे लिहिणे, पानांची मांडणी ठरविणे ही कामे ते स्वतः करीत. मुखपृष्ठावरील अक्षरेही त्यांच्याच सुलेखनाची असत.

पुस्तकांचे रूप असे होते, की ग्रंथालयाच्या फळीवर ती दुरूनही ओळखू यावीत. मजकूर हाताने जुळविलेल्या खिळ्यांचा, छपाई हाताने चालविण्याच्या देशी यंत्रावरची आणि बांधणी हातमागाच्या सुती साडीच्या कापडात. कापडाचा काठ पुठ्ठ्यावर नेमका कोठे येईल हे कापणीवर अवलंबून असल्यामुळे एकाच पुस्तकाच्या दोन प्रतीही तंतोतंत सारख्या असतीलच असे नाही. ही हौस दिसते तितकी खर्चिक नव्हती. रंगीत मुखपृष्ठासाठी ठसे करवून घेणे आणि प्रत्येक रंगाची वेगळी छपाई करणे यापेक्षा कापड आणि सुलेखन हे लहान आवृत्तीला अधिक परवडणारे होते.

हातजुळणीचा एक परिणाम मात्र लेखकाने आधीच समजून घ्यावा लागे. लहान छापखान्याजवळ खिळ्यांचा साठा मर्यादित असतो. जुळारी काही पाने जुळवितो, त्यांची मुद्रिते तपासली जातात, फर्मा छापला जातो आणि लगेच ते खिळे सोडवून पुन्हा आपापल्या घरांत टाकले जातात. तेच पुढच्या पानांसाठी वापरायचे असतात. म्हणून पहिला फर्मा छापून झाल्यावर त्यातील ओळ बदलण्याची सोय उरत नाही, आणि दुसरी आवृत्ती काढायची तर सगळी जुळणी नव्याने करावी लागते.

आता मांडणी. कवितासंग्रहाची मांडणी गद्याहून सोपी असावी असे वाटते, कारण पानावर मजकूर थोडा असतो. प्रत्यक्षात ती अधिक कठीण आहे. गद्याची ओळ रुंदीनुसार कोठेही मोडते. कवितेची ओळ कवीने ठरविलेली असते. त्यामुळे पानाची रुंदी आणि खिळ्यांचा आकार ठरविताना संग्रहातील सर्वांत लांब ओळ आधी शोधावी लागते. ती मावत नसेल तर उरलेले शब्द खालच्या ओळीत आत सरकवून बसवावे लागतात, आणि ते इतके स्पष्ट, की वाचकाला ती नवी ओळ वाटू नये. कडवे पानाच्या शेवटी संपले की तेथेच कविता संपली असा भास होतो. तोही टाळला पाहिजे. शिवणीकडील समास अरुंद ठेवला तर ओळींची टोके बांधणीत गडप होतात. नवशिक्यांच्या हातून बहुधा हीच चूक होते.

पानांची संख्याही मनाला येईल तशी ठेवता येत नाही. सोळा पानांचा एक फर्मा धरला तर चौसष्ट पानांचे पुस्तक चार फर्म्यांत नेमके बसते. शीर्षकपृष्ठ, मुद्रणविषयक माहिती, अर्पणपत्रिका व अनुक्रम यांना सहा ते आठ पाने जातात. कवितांना उरतात छप्पन्न-अठ्ठावन्न. तीन कविता जास्त झाल्या तर त्यांच्यासाठी आणखी कागद, आणखी एक छपाई आणि आणखी एक शिवण लागते. संग्रहातील एखादी दुबळी कविता गळण्यास कित्येकदा संपादकाच्या अभिरुचीपेक्षा हे गणितच कारणीभूत ठरते!

रायटर्स वर्कशॉपची सर्वांत वादग्रस्त अट पैशाची होती. लेखकाने आपल्या पुस्तकाच्या शंभर प्रती आगाऊ विकत घ्याव्यात, असा तेथील नियम होता. त्यामागील हिशेब एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, जुळणी व छपाईची तयारी यांचा खर्च चार हजार रुपये आहे; प्रती कितीही काढल्या तरी तो तेवढाच राहतो. कागद आणि बांधणी यांना दर प्रतीमागे आठ रुपये लागतात. चारशे प्रतींचा एकूण खर्च सात हजार दोनशे होईल. किंमत तीस रुपये ठेवली आणि लेखकाने शंभर प्रती घेतल्या तर तीन हजार आधीच हाती येतात. राहिलेल्या चार हजार दोनशेंसाठी, विक्रेत्याचा एक तृतीयांश वाटा वजा जाता, दोनशे दहा प्रती अनोळखी ग्राहकांना विकाव्या लागतील. लेखकाचा वाटा नसता तर ही संख्या तीनशे साठ झाली असती. अज्ञात कवीच्या बाबतीत या दोन आकड्यांमधील अंतर म्हणजे पुस्तक निघणे आणि न निघणे यांमधील अंतर होय.

टीकाकारांनी याला पैसे देऊन नाव छापून घेण्याचा प्रकार म्हटले. पुस्तके फार निघाली, त्यांत सुमार पुष्कळ, हा आक्षेप खोटा नाही. तीन हजारांहून अधिक पुस्तकांच्या यादीत तसे होणारच. परंतु पैसे घेऊन काहीही छापणारा मुद्रक आणि हस्तलिखित वाचून ते नाकारण्याचा अधिकार राखणारा प्रकाशक यांत भेद केलाच पाहिजे. शिवाय याच यादीत प्रीतीश नंदी यांचा १९६७ मधील पहिला संग्रह, आगा शाहिद अली यांचा १९७२ मधील पहिला संग्रह आणि १९८० मधील विक्रम सेठ यांचा ‘मॅपिंग्ज’ हेही आहेत. त्या वेळी यांपैकी कोणाचेही नाव विक्रीची हमी देणारे नव्हते.

मुंबईत वेगळी रीत अवलंबिली गेली. १९७६ मध्ये आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव पटेल आणि अरुण कोलटकर या कवींनी ‘क्लिअरिंग हाउस’ सुरू केले. येथे कवी स्वतःच प्रकाशक होते आणि ग्राहकांकडून आगाऊ वर्गणी घेतली जाई. जाहिरात व्यवसायात चित्ररचनाकार असलेल्या कोलटकरांनी पुस्तकांची रूपरचना केली. त्यांचे ‘जेजुरी’ त्याच वर्षी तेथून निघाले. धोका येथेही होताच, फक्त तो लेखकाऐवजी वाचकांमध्ये वाटला गेला होता. ही संस्था मोजकी पुस्तके काढून थांबली.

स्वतः पुस्तक काढणाऱ्याने कायद्याचीही एक बाब ध्यानात ठेवावी. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने प्रसिद्धीनंतर तीस दिवसांच्या आत पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि अन्य ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना स्वखर्चाने द्यावयाची असते. लहान प्रकाशक याकडे अनेकदा दुर्लक्ष करतात. तीन-चारशे प्रतींचे पुस्तक वीस वर्षांनी शोधू लागले तर ते मिळण्याचे ठिकाण बहुधा हेच असते.

लाल यांचे २०१० मध्ये निधन झाले. त्यानंतर त्यांचे पुत्र आनंद लाल यांनी प्रकाशनाचे काम पुढे चालू ठेवले.