चिकटलेली जीभ आणि स्तनपान : कात्रीपूर्वी काय पाहावे?

बाळाच्या आगमनाचे पेढे वाटून होतात न होतात तोच अंगावर पाजताना बाळंतिणीच्या डोळ्यांत पाणी येऊ लागते, हे दृश्य प्रसूतिकक्षात काम करणाऱ्यांस नवे नाही. अशा वेळी कोणीतरी वडीलधारी स्त्री बाळाचे तोंड उघडून पाहते आणि म्हणते, "जीभ चिकटलेली आहे." पुढे घरात दोन मते होतात. एक म्हणते, लगेच कापून घ्या. दुसरे म्हणते, एवढ्याशा जिवाला कात्री लावू नका. या दोन्ही मतांमागे बाळाची काळजीच असते. म्हणून या विषयाची शास्त्रीय माहिती आमच्या हितचिंतकांपुढे आणि रुग्णांच्या कुटुंबीयांपुढे ठेवीत आहोत.

जीभ चिकटलेली असणे म्हणजे काय?

प्रत्येकाच्या जिभेखाली एक नाजूक पडदा असतो. तो जिभेला तोंडाच्या तळाशी जोडतो. काही बाळांमध्ये हा पडदा जन्मतःच आखूड, जाड किंवा जिभेच्या टोकापर्यंत आलेला असतो. त्यामुळे जीभ उचलता येत नाही, खालच्या हिरडीच्या पुढे येत नाही, आणि रडताना तिचे टोक मध्ये खाच पडल्यासारखे दिसते. मुलींपेक्षा मुलांमध्ये हे अधिक आढळते, आणि काही घराण्यांत ते पिढ्यान्‌पिढ्या दिसते. गरोदरपणी मातेच्या हातून काही चुकले म्हणून असे होत नाही, हे घरातील सर्वांनी जाणून घ्यावे.

दूध ओढताना जिभेचे कार्य

दूध पिताना बाळ केवळ स्तनाग्र चोखत नाही. स्तनाग्राभोवतीचा काळसर भागही ते तोंडात घेते. जीभ खालच्या हिरडीवर पसरून द्रोणासारखी होते, आणि तिचा मागचा भाग खाली गेला की तोंडात पोकळी निर्माण होऊन दूध ओढले जाते. जीभ पुरेशी पुढे येत नसेल, तर बाळ हिरड्यांनी स्तनाग्र दाबते. त्याने मातेला वेदना होतात, भेगा पडतात, बाळाची पकड वारंवार सुटते आणि 'टक्‌ टक्‌' असा आवाज येतो. स्तन नीट रिकामा न झाल्याने तो दाटतो, आणि पुढे दूधच कमी होऊ लागते. बाळ मात्र तासभर पाजूनही भुकेलेच राहते.

दोन बाळे, दोन निर्णय

नाव-गाव न देता एक प्रसंग येथे सांगतो. एका पहिलटकरणीचे बाळ जन्मतः २ किलो ९०० ग्रॅमचे होते. पाचव्या दिवशी ते २ किलो ६४० ग्रॅम भरले. पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरणे स्वाभाविक असते. परंतु ही घट दहा टक्क्यांच्या जवळ पोहोचली होती. मातेच्या दोन्ही स्तनाग्रांना भेगा होत्या. वरचे दूध सुरू करावे, असे घरच्यांचे म्हणणे होते.

परिचारिकेने प्रथम एक पूर्ण पाजणे शेजारी बसून पाहिले. बाळाचे पोट मातेच्या पोटाशी टेकवून, मोठा 'आ' केल्यावरच त्याला स्तनाशी आणण्यास शिकविले. दूध पिळून ते वाटी-चमच्याने देण्यास सांगितले. दोन दिवसांनी वेदना थोड्या कमी झाल्या, पण पकड टिकेना. तपासणीत जीभ हिरडीपलीकडे येत नसल्याचे स्पष्ट दिसले. मग सातव्या दिवशी डॉक्टरांनी पडदा सोडविला. आठवडाभरात भेगा भरू लागल्या, आणि सोळाव्या दिवशी बाळाने जन्माचे वजन पुन्हा गाठले.

त्याच कक्षातील दुसऱ्या बाळाच्या जिभेखालीही पडदा दिसत होता. आजी म्हणाल्या, "आत्ताच कापून टाका, नाहीतर नातू बोबडा बोलेल." परंतु बाळ समाधानाने पीत होते, मातेला वेदना नव्हत्या आणि वजन वाढत होते. त्या बाळाला कात्री लावली नाही. केवळ पुढील बोलण्याच्या भीतीने तान्ह्या बाळाचा पडदा कापणे योग्य ठरत नाही. मूल उशिरा बोलू लागले, तर आधी त्याला नीट ऐकू येते की नाही, हे तपासावे.

अभ्यास काय सांगतात?

वैद्यकीय चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१७ साली पाच चाचण्यांतील ३०२ बाळांची माहिती एकत्र तपासली. पडदा सोडविल्यावर मातेच्या वेदना अल्पकाळात कमी झाल्याचे आढळले. बाळाच्या दूध पिण्यात मात्र सर्वत्र सारखी सुधारणा दिसली नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२४ साली अनावश्यक शस्त्रक्रियांबाबत सावध केले आहे. लेझरने केल्यास कात्रीपेक्षा अधिक गुण येतो, असेही सिद्ध झालेले नाही.

शस्त्रक्रिया कशी होते?

जन्मानंतर जीवनसत्त्व 'के'चे इंजेक्शन दिले आहे ना, आणि घराण्यात रक्त न थांबण्याचा आजार नाही ना, याची प्रथम खात्री केली जाते. बाळाला दुपट्यात गुंडाळून जीभ वर उचलतात आणि पातळ पडदा निर्जंतुक कात्रीने सोडवितात. यास काही क्षण पुरतात. बहुधा रक्ताचे थोडेच थेंब येतात, आणि बाळाला लगेच अंगावर घेता येते. पुढील काही दिवस तेथे पांढरट डाग दिसतो. तो पू नसून भरणारी जखम असते. तेथे बोटाने चोळू नये. रक्तस्राव, जंतुसंसर्ग किंवा लाळेच्या नलिकेला इजा हे धोके क्वचित संभवतात. म्हणून हे काम प्रशिक्षित डॉक्टरांनीच करावे.

कुटुंबीयांनी लक्षात ठेवावे

१. बाळाला चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजावे. पाचव्या दिवसानंतर दिवसाकाठी किमान सहा वेळा लघवी व्हावी.

२. साधारण दोन आठवड्यांत जन्माचे वजन भरून यावे. बाळ सुस्त वाटले, पिण्यासाठी जागे होईना किंवा लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे आणावे.

३. पाजताना वेदना होत असतील, तर बाळंतिणीने त्या मुकाट्याने सोसू नयेत. पाजताना कोणी जाणकाराने पाहणे, हा पहिला उपचार होय.

४. जीभ सुटावी म्हणून वेखंड किंवा मध चाटवू नये. मध तर एक वर्षापर्यंत देऊच नये. घरी नखाने अथवा ब्लेडने पडदा तोडणे धोक्याचे आहे.

५. दुधाची बाटली लावण्याची घाई करू नये. गरज पडल्यास मातेचेच पिळलेले दूध स्वच्छ वाटी-चमच्याने द्यावे.

समारोप

या उपचारास महागडे यंत्र लागत नाही. लागतो तो अचूक वजनकाटा, बाळंतिणीस टेकून बसता येईल अशी खुर्ची, आणि एका पाजण्याइतका वेळ शेजारी बसू शकेल अशी प्रशिक्षित परिचारिका. वर सांगितलेल्या दोन बाळांपैकी एकाला कात्री लागली व एकाला लागली नाही. हा फरक कळला तो अशा शेजारी बसण्यामुळेच. दात्यांच्या देणगीतून परिचारिकांचा हा वेळ उपलब्ध होतो. विश्वस्तांनी आणि देणगीदारांनी या सेवेकडे असेच लक्ष ठेवावे, अशी नम्र विनंती आहे.