वाईनचे द्राक्ष आणि ब्रिक्सचा हिशोब



पुणे-नाशिक रस्ता आपल्या संगमनेरवरूनच जातो. या रस्त्याने एकीकडे नारायणगाव, दुसरीकडे नाशिक-दिंडोरी. दोन्हीकडे वाईनच्या द्राक्षांच्या बागा झाल्या. ऊस काढून ही बाग लावावी काय, असे मनात येणाऱ्यांसाठी आज आम्ही एकच उदाहरण घेतो : दिंडोरीच्या शिराझ द्राक्षाची लाल वाईन. (प्यावी असे आमचे सांगणे नाही, पीक समजून घ्यावे इतकेच.)

शिराझ मूळचे फ्रान्समधल्या ऱ्होन खोऱ्यातले. नाशिकला सुला कंपनीने १९९७ साली वाईनच्या द्राक्षांची लागवड केली, पहिली वाईन २००० साली विक्रीस आली. शिराझ त्यामागून आले.

फ्रान्समध्ये वेल हिवाळ्यात झोपतो. आपल्याकडे तो झोपतच नाही, म्हणून दोन छाटण्या कराव्या लागतात. एप्रिलात खरड छाटणी, पाऊस सरता सरता फळछाटणी, आणि जानेवारी ते मार्च तोडणी. दिवसाच्या उन्हाने साखर चढते, रात्रीच्या थंडीने आंबटपणा टिकतो.

तोडणी ठरते ब्रिक्सवर, हे आपल्याला नवे नाही. शिराझ साधारण २२ ते २४ ब्रिक्सला तोडतात. पुढे यीस्ट तेच करते, जे आसवनीत मळीवर करते. लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखरेचे एक टक्का अल्कोहोल होते. आता गंमत बघा, रस लाल नसतोच! रंग सालीत असतो, म्हणून सालीसकट आंबवतात. साल-बियांतून तुरटपणा उतरतो, कच्च्या जांभळाने जीभ आखडते तसा. वास काळ्या मिरीचा, पिकल्या जांभळाचा. ओकच्या पिंपात मुरली की थोडा लाकडाचाही.

उसात टनेज वाढले की पैसा. इथे घड जास्त ठेवले तर रस पातळ होतो, म्हणून घड विरळतात, पाणी ताणतात. मणी बारीक, जाड सालीचा, बियांचा. खरा धोका इथेच आहे. कंपनीने माल उचलला नाही तर तो खायच्या द्राक्षांच्या बाजारात कोणी घेत नाही. २००९-१० च्या मंदीत नाशिककडे हेच झाले आणि कित्येकांनी बागा उपटल्या. उसाला एफआरपी आहे, या द्राक्षाला कायद्याचा भाव नाही. शिवाय पूर्ण पीक यायला तीनेक वर्षे जातात.

तेव्हा लावायचीच असेल तर करार आधी करावा. किती वर्षांचा, कोणत्या ब्रिक्सला काय दर, तोडणी-वाहतूक कोणाकडे, हे सारे लेखी घ्यावे. आणि रिफ्रॅक्टोमीटर आपला स्वतःचा ठेवावा.